स्थलांतर अवजार निवड उपसमिती

समाजाच्या वधू-वर केंद्राच्या सभेत अध्यक्ष चैनलालजी रहांगडाले यांनी चहाचा कप खाली ठेवून 'बस, एक रकाना और वाढवून द्या' असं म्हटलं, तेव्हा केंद्राचे संगणक सांभाळणाऱ्या लोकेंद्र बिसेनने सभेत पहिल्यांदा नाही म्हटलं. रकाना होता 'चष्मा आहे काय'. त्याआधीच्या सभेत 'रक्तगट' वाढला होता. त्याआधी 'मामाचं कुळ'. त्याही आधी 'स्वयंपाक येतो काय'. हा रकाना फक्त मुलींसाठी की मुलांसाठीही, यावर पावणेदोन तास चर्चा झाली, शेवटी दोघांसाठी ठेवायचं ठरलं, आणि मुलांचा कोणी भरला नाही.

सभेला वाटे, रकाना वाढवायचा म्हणजे वहीत पट्टी ठेवून रेघ मारायची. लोकेंद्रचं दुखणं वेगळं होतं. केंद्राच्या शाखा तीन. गोंदियाला एक, पश्चिमेला तिरोड्याला एक, पूर्वेला आमगावला एक, आणि तिन्ही ठिकाणी एकेक संगणक. प्रत्येक सभेनंतर तो एका दिवशी तिरोड्याची पॅसेंजर पकडे, दुसऱ्या दिवशी आमगावची, आणि हाताने रकाना वाढवून येई. तिरोड्याला कधी वीज नसे. आमगावला किल्ली नसे. मग तिथला रकाना पुढच्या वेळेवर जाई आणि पुढच्या वेळी लोकेंद्र ते विसरे. वर्षभरात तिन्ही संगणकांत तीन वेगळे समाज नांदू लागले. परिचय मेळाव्यासाठी तिन्हींची यादी एकत्र छापली तेव्हा तिरोड्याच्या एका मुलीची उंची 'टेंभरे', म्हणजे तिच्या मामाचं आडनाव निघाली, आणि आमगावच्या एका मुलाच्या नावापुढे 'स्वयंपाक येतो काय' याचं उत्तर 'ओ पॉझिटिव्ह' असं आलं. त्या मुलाला मेळाव्यात सगळ्यात जास्त विचारणा झाली, हे वेगळं.

तर लोकेंद्रने सभेत सांगितलं की आता हाताने रकाने वाढवणं बंद. जगात याच कामासाठी मायग्रेशन टूल नावाच्या वस्तू मिळतात. बदल एकदा लिहून द्यायचा. कोणत्या संगणकावर कोणता बदल झाला, कोणता राहिला, हे टूल स्वतः लक्षात ठेवतं आणि राहिलेले बदल क्रमाने करतं. आधी एखादं टूल निवडू, मग चष्म्याचं बघू. टूल फुकट मिळतात. निवडायला एक संध्याकाळ पुरे.

लागले चार महिने.

'मायग्रेशन' हा शब्द ऐकताच चैनलालजींनी खुर्ची मागे सरकवली. ते निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. एखादा शब्द ओळखीचा निघाला की त्यावर पंधरा मिनिटं बोलणं हा ते पेन्शनीइतकाच आपला हक्क समजत.

"आपले पूर्वज माळव्यातून इथपर्यंत आले," ते म्हणाले. "जंगल तोडलं, धान लावलं. तेव्हा कोणतं टूल होतं, बिसेनजी?"

"काका, हे माणसांचं नाही. तक्त्यांचं स्थलांतर आहे."

"तक्ते कुठं चालले?"

"कुठंच नाही. ते तिथंच राहून बदलतात."

"मग स्थलांतर कायचं?"

सचिव नंदलाल कटरे यांनी तोवर इतिवृत्तात 'स्थलांतर अवजार खरेदीबाबत' असं लिहूनही टाकलं. नंदलालजी तहसील कार्यालयात तेहतीस वर्षं होते, आणि तिथून बाहेर पडताना कार्यालयाचं दारही सोबत घेऊन आले असावेत, कारण कोणतीही गोष्ट त्यांच्यासमोर आली की आधी अडत असे.

"खरेदी नाही, काका. फुकट आहे," लोकेंद्र म्हणाला.

"फुकट म्हणजे दान. दान घ्यायचं तर दात्याचं नाव, पत्ता आणि सही लागते. नियम सात."

"दाता परदेशात आहे. एक माणूस नाही, पुष्कळ आहेत."

"मग त्यांच्यातल्या कोणा एकाला मुखत्यारपत्र द्यायला सांगा."

लोकेंद्र पुण्याला अडीच वर्षं मोठ्या कंपनीत होता. तिथे त्याचं काम दुसऱ्याने केलेलं लॉगिनचं पान उघडतं की नाही हे बघण्याचं होतं, पण गोंदियात तो 'पुण्याला असताना आम्ही' अशी वाक्यं सुरू करी तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे की कंपनी यानेच सांभाळली. पुण्याला असताना त्याने कोणाकडे मुखत्यारपत्र मागितलं नव्हतं. तरी घरी येऊन त्याने एका टूलच्या कर्त्याला ईमेलने पत्र लिहिलं की एका सामाजिक संस्थेला आपलं टूल दान म्हणून स्वीकारायचं आहे, कृपया सही करून पाठवावं. तीन दिवसांनी उत्तर आलं. कर्त्याने लिहिलं होतं की टूल सर्वांसाठी मोफत आहे, सहीची गरज नाही, आणि आपल्या संस्थेला अनेक शुभेच्छा. नंदलालजींनी छापील कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. लेटरहेड नव्हतं.

शेवटी दानाचा प्रश्न बाजूला ठेवून अवजार निवडण्यासाठी पाच जणांची उपसमिती नेमली गेली. पाचांपैकी चौघांच्या घरी संगणक नव्हता, आणि पाचव्याच्या घरी होता त्याच्यावर क्रोशाचं कापड घातलेलं होतं.

लोकेंद्रने तीन टूल समोर ठेवली. पहिलं अगदी साधं: क्रमांक घातलेल्या फाइली लिहायच्या, ते ओळीने चालवतं, मागे फिरत नाही. दुसरं भलं मोठं. ते चालण्यासाठी संगणकात आणखी दोन गोष्टी आधी घालाव्या लागत आणि एक रकाना वाढवायला बावीस ओळी लिहाव्या लागत. पण त्याला 'मागे' नावाची सोय होती, केलेला बदल उलटवण्याची. तिसरं एका पुण्याच्या मित्राने बनवलेलं होतं. ते मित्राच्याच संगणकावर चाले.

खरं तर पहिलं घेऊन मोकळं व्हावं हे कोणालाही कळलं असतं. लोकेंद्रलाही कळलं होतं. पण साधी गोष्ट निवडली तर इंजिनिअरची किंमत काय राहिली? त्याने सतरा मुद्द्यांचा तुलनात्मक तक्ता केला, त्याला तीन रंग दिले आणि तो छापून खालच्या मजल्यावर मुन्नालालला दाखवला. मुन्नालालचं टायरचं दुकान. लोकेंद्रचं ऑफिस त्याच्याच वर, त्यामुळे आयुष्यातले सगळे निर्णय त्याच्यासमोरून जिना चढत.

मुन्नालालने तक्ता लांब धरून वाचला. "भैया, एक बात बोलू. चीज कोई भी लो, उसका कारीगर गाव में होना चाहिए. बिगडा तो दिखाओगे किसको?"

"कारीगर मी आहे ना."

"वही तो बोल रहा हूं," मुन्नालाल म्हणाला आणि पंक्चरच्या ट्यूबकडे वळला.

चार महिन्यांत इतकं शहाणं वाक्य दुसऱ्या कोणी बोललं नाही. लोकेंद्रने ते उपसमितीत विनोद म्हणून सांगितलं.

उपसमितीने सतरा मुद्द्यांना आणखी सहा जोडले. टूलचं नाव मराठीत नीट उच्चारता यावं. ते कोणत्याही पक्षाचं नसावं. मात्र खरा निकाल चैनलालजींच्या मुद्द्याने लागला. "गाडीला रिव्हर्स गिअर नसेल तर ती कोण घेईल? मागे जाता आलं पाहिजे." पाचही माना हलल्या. लोकेंद्रने एकदा हळूच म्हटलं की पुण्याला असताना आम्ही मागे फारसं जात नसू. पण दुसरं टूल वजनदार होतं, आणि बावीस ओळी कोणालाच कळणार नव्हत्या, याचं सुख त्याला आतून गुदगुल्या करत होतं. त्याने विरोध केला नाही.

तिन्ही शाखांच्या टंकलेखकांना शिकवायला बोलावलं तेव्हा आमगावची पुष्पांजली कापगते मागच्या खुर्चीवर बसली होती. ती मूळ केशोरीची. तिथून लग्न होऊन आमगावला आलेली, समाजाची नव्हे, पगारावर नोंदी भरणारी. सगळ्यांत जास्त नोंदी तीच भरत असे, म्हणून तिला कधी सभेला बोलावत नसत.

"सर, एक विचारू काय," ती म्हणाली. "हे मांगं गेलं तं आमी भरलेलं कुठं जाते?"

"ते टूल बघून घेतं."

"टूल पायते म्हंजे कोण पायते?"

"तुम्ही नोंदी भरा, ताई. हे तांत्रिक आहे."

"भरतो ना. आमच्याकडं तलाव बांधते तं आधी पाणी कुठून निघून जाईन थे पायते, मंग मातीची पार घालते. म्हणून विचारलं." तिने वही मिटली.

लोकेंद्रने पुढचं पान दाखवायला घेतलं. तिला उत्तर न देता उलटलेलं ते पान पुढे कित्येक दिवस त्याच्या डोळ्यांसमोरून हललं नाही.

टूल लागलं. खोटं कशाला बोला, सुरुवातीला ते चाललं. तिन्ही संगणकांतले रकाने सारखे झाले, तिन्ही शाखांची माहिती गोंदियाच्या एका यंत्रात आली, मुलींच्या उंचीत आडनावं येणं थांबलं. मग नव्या टूलने केलेला पहिला बदल म्हणून लोकेंद्रने 'लग्न ठरलं काय' हा रकाना वाढवला, हो किंवा नाही. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता यंत्र प्रत्येक उमेदवाराच्या घरी तीन अनुरूप स्थळांचा एसएमएस पाठवत असे, तो ठरलेल्यांना जाऊ नये, एवढाच हेतू. टंकलेखकांनी दोन आठवड्यांत तीनशे बारा जणांपुढे 'हो' भरलं. त्यातल्या दोनशेंपुढे पुष्पांजलीने.

त्या तीनशे बारांत लोकेंद्र स्वतःही होता. त्याचं लग्न तिरोड्याच्या योगेश्वरी पटलेशी ठरलं होतं. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. साखरपुड्याला तिने त्याला एकच प्रश्न विचारला होता, 'तुम्ही नेमकं काय करता', आणि तो पाऊण तास उत्तर देत होता.

मग शनिवारची सभा आली. दुपारचे बारा, फॅन चालू, भिंतीवर प्रोजेक्टर. नंदलालजींनी ठराव वाचला आणि म्हणाले, "अवजार मागे जातं, हे सभेला दाखवल्याशिवाय स्वीकृतीची नोंद होत नाही."

शहाणा माणूस म्हणाला असता की उद्या एका कोऱ्या प्रतीवर दाखवतो. त्याहून शहाण्या माणसाने आधी माहितीची एक प्रत काढून ठेवली असती. पण समोर अठरा माणसं, भिंतीवर आपलं नाव, आणि चैनलालजी म्हणतायत, "चला बिसेनजी, रिव्हर्स." लोकेंद्रने चालू यंत्रावर आदेश दिला. भिंतीवरून 'लग्न ठरलं काय' हा रकाना सभेच्या डोळ्यांदेखत नाहीसा झाला. टाळ्या पडल्या. त्याने पुन्हा पुढचा आदेश दिला. रकाना परत आला. आणखी टाळ्या. एका सदस्याने तर 'पुन्हा एकदा' अशी मागणी केली, आणि लोकेंद्रने, हे सांगायला जड जातं, ती पूर्ण केली.

रकाना परत आला होता. त्यातलं भरलेलं परत आलं नव्हतं. प्रत्येक नावापुढे यंत्राने इमानदारीत 'नाही' लिहिलं होतं.

सोमवारी नऊ वाजून चार मिनिटांनी पहिला फोन आला. गोरेगावचा बकाराम ठाकरे, लग्न होऊन वर्ष झालेला. आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होतं.

"साहेब, माझ्या फोनवर तीन पोरी आल्या. बायकोच्या फोनवर तीन पोरं आले. आता आमी दोघंबी बाजीवर बसून एकमेकाचे पाहून राहिलो." मागून बाईचं हसणं ऐकू आलं. "थे म्हणते तिचे तिन्ही नोकरीवाले आहेत. म्हणते, तुमी मले लग्नाआधी काऊन सांगतलं नाई?"

दहा वाजेपर्यंत फोन ठेवायला फुरसत नव्हती. एका घरात सासूने सुनेचा फोन काढून घेतला होता. एका ठरलेल्या वराच्या वडिलांना आलेल्या तीन स्थळांपैकी एक इतकं चांगलं वाटलं होतं की ते नम्रपणे पत्ता विचारत होते. आणि अकराला खुद्द चैनलालजी जिना चढून आले. त्यांच्या मुलीचं लग्न बारा दिवसांवर होतं, मांडववाल्याला सांगून झालं होतं. बालाघाटच्या व्याह्यांनी अतिशय सभ्य शब्दांत विचारलं होतं की आपल्याकडून काही बदल झाला आहे काय, कारण मुलाच्या आत्याने यादीतल्या पहिल्या मुलीकडे चौकशी केलीसुद्धा.

"रिव्हर्स मी मागितला होता," चैनलालजी म्हणाले. "माझ्या पोरीले रिव्हर्समध्ये टाका असं नव्हतं म्हटलं."

लोकेंद्र काही बोलणार तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. तिरोड्याहून हिरालालजी पटले, म्हणजे होणारे सासरे.

"जावईबापू, योगेश्वरीले मेसेज आला. तीन स्थळं आहेत. तुमच्याच केंद्राचा आहे ना?"

"हो बाबूजी, ते चुकून गेलं. काल परवा जरा तांत्रिक..."

"चुकून गेलं, समजलं. पर तिघांत तुमचं नाव नाई."

लोकेंद्रने फोन ठेवला आणि यंत्रात पाहिलं. कोण कोणाला किती अनुरूप, याचं गुणगणित त्यानेच लिहिलं होतं. सभेने सांगितलं म्हणून कायम नोकरीला दहा गुण दिले होते आणि स्वतःच्या व्यवसायाला दोन. उंचीलाही गुण होते. योगेश्वरी पटलेसाठी लोकेंद्र बिसेन एकोणिसावा होता. त्याच्या वर आमगावचा तो 'ओ पॉझिटिव्ह'सुद्धा होता, चौथा.

संध्याकाळी तातडीची सभा भरली. नंदलालजींनी इतिवृत्त काढलं. "ठरावात मागे जाण्याची मागणी आहे. जाताना भरलेली माहिती सोबत घेऊन परत यावं, अशी मागणी नाही. अवजाराने ठरावाचं पालन केलं आहे." त्यामुळे अवजार निर्दोष ठरलं, उपसमिती निर्दोष ठरली, आणि उरलेल्या एका माणसाने तीनशे अकरा घरी स्वतः फोन करून 'लग्न ठरलं काय' हे नव्याने विचारावं, असं एकमताने ठरलं. तीनशे बारावा तो स्वतः, त्याला फोन करण्याची गरज नाही, असंही नंदलालजींनी नोंदवलं.

पहिल्या दिवशी लोकेंद्रने चाळीस फोन केले आणि चाळीस घरची बोलणी खाल्ली. लग्न झालेल्या माणसाला फोन करून तुझं लग्न झालं का हे विचारण्यात एक मूळचीच अडचण आहे, ती कितीही नम्रपणे विचारलं तरी जात नाही. दुसऱ्या दिवशी आमगावहून पुष्पांजलीला बोलावलं. तिची पद्धत वेगळी होती. "मी आमगावची कापगते बोलून राहिली. आमच्या साहेबांनी तुमचं लग्न मोडून टाकलं, थे मी जोडून राहिली. हो लिहू ना?" लोक हसत आणि हो म्हणत. कोणी ओरडलं नाही. 'आमच्या साहेबांनी' हे प्रत्येक वेळी इतक्या स्पष्ट आवाजात म्हटलं जाई की खाली मुन्नालालपर्यंत जात असावं.

एक गोष्ट मात्र कोणालाच अपेक्षित नव्हती. सात घरांनी 'नाही' सांगितलं. ठरलेलं मोडलं होतं. कोणाचं तीन महिन्यांपूर्वी, कोणाचं दिवाळीतच, आणि केंद्राच्या खात्री केलेल्या माहितीत ते शनिवारपर्यंत 'हो' म्हणूनच बसले होते. यातल्या एका मुलीच्या आईने पुष्पांजलीला सांगितलं की इतक्या दिवसांत हे विचारणारा हा पहिलाच फोन.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुष्पांजली यादीत तिरोड्याच्या 'प'च्या आडनावांवर आली. लोकेंद्र समोरच बसला होता. "हा राहू द्या, ताई," तो म्हणाला. "हो लिहा."

"ठरावात तीनशे अकरा लिहिले आहेत, सर," पुष्पांजली म्हणाली आणि नंबर फिरवला. स्पीकर चालूच होता.

"योगेश्वरी पटले काय? मी आमगावची कापगते. तुमचं लग्न ठरलं, हो लिहू ना?"

पलीकडे कोणी गिऱ्हाईक गोळ्या मागत होतं. ते मिटवून योगेश्वरी म्हणाली, "ते तिथं आहेत काय?"

"समोरच बसले आहेत."

"त्यांना विचारा, माझ्या यादीत ते कितवे आहेत."

पुष्पांजलीने फोन त्याच्यापुढे सरकवला. लोकेंद्रच्या मनात 'चौथा' आला, मग 'पाचवा' आला. पुण्याला असताना त्याने यापेक्षा मोठ्या गोष्टी सहज फिरवून सांगितल्या होत्या. "एकोणिसावा," तो म्हणाला.

"आणि गुण कोणी ठरवले?"

"मीच."

"निदान हे तरी खरं सांगितलं," योगेश्वरी म्हणाली. "विचार करून कळवते. तोवर हो लिहू नका. नाहीसुद्धा लिहू नका." फोन बंद झाला.

पुष्पांजलीने कळफलकावरून हात उचलले. "सर, इथं हो नाईतर नाईच लिहिता येते. तिसरं काही घेत नाई."

रकान्याला तिसरं उत्तर द्यायचं म्हणजे नवा बदल, आणि बदल म्हणजे सभेचा ठराव. नंदलालजींनी 'विचाराधीन' हा शब्द सुचवला. तहसिलीत तो तेहतीस वर्षं निर्दोष चालला होता, असं ते म्हणाले. सदस्यांनी हा शब्द नेमका कोणासाठी हवा आहे हे विचारलं, आणि लोकेंद्रला उभं राहून सांगावं लागलं. तो बदल त्याने एका ओळीत लिहिला, आधी सगळ्या माहितीची प्रत काढली, मगच आदेश दिला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

त्यानंतर तीन आठवडे सबंध यंत्रात 'विचाराधीन' असलेली एकच नोंद होती. चैनलालजींच्या मुलीचं लग्न वेळेवर झालं. आत्या जेवायला पहिल्या पंगतीत होती. सात मोडलेल्यांपैकी दोघांची बोलणी आपसातच सुरू झाली, आणि चैनलालजींनी मंडपात भाषण करून सांगितलं की केंद्राने यंदा प्रत्येक घरी प्रत्यक्ष पडताळणीची अभिनव मोहीम राबवली. लोकेंद्र मागे उभा राहून बुंदी खात होता. त्याचं नाव भाषणात आलं नाही, आणि पहिल्यांदाच त्याला त्याचं बरं वाटलं. दर सोमवारी नऊला तिरोड्याला एसएमएस जाणार नाही याची मात्र तो पावणेनऊपासून खात्री करून घेई.

चौथ्या सोमवारी योगेश्वरीने फोन केला. लोकेंद्रला नाही, आमगावच्या शाखेत केला. "हो लिहा," एवढंच म्हणाली. पुष्पांजलीने ते लिहिलं, हातातल्या उरलेल्या सतरा नोंदी पूर्ण केल्या, डबा खाल्ला, आणि मग लोकेंद्रला कळवलं.

"केव्हा आला फोन?" त्याने विचारलं.

"सकाळीच."

"मग सकाळी का नाही सांगितलं, ताई?"

"कायले सांगू, सर," पुष्पांजली म्हणाली. "तुमी पुन्हा सभेले रिव्हर्स दाखवून देता."